राउटर बदलला, नाव-पासवर्ड तेच ठेवले. तरी घरचा संगणक वाय-फायला जोडला जात नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे सांगलीला घरी बरीच वर्षे तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड होते आणि राउटरही तितकाच जुना होता. गेल्या आठवड्यात फायबर घेतले, त्याबरोबर राउटर बदलला. घरातल्या प्रत्येक उपकरणात पुन्हा पासवर्ड भरत बसावे लागू नये म्हणून जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञांना मी नव्या राउटरलाही जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगितले. मोबाइल आणि टीव्ही लगेच जोडले गेले. हॉलमधला संगणक मात्र काही केल्या जोडला जात नाही.

संगणकावर विंडोज १० आहे. वाय-फायसाठी मागच्या बाजूला यूएसबीचा छोटा डोंगल लावलेला आहे. नेटवर्कच्या यादीत आमचे नाव दिसते, 'कनेक्ट' म्हटले की तो थोडा वेळ विचार करतो आणि 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' एवढाच संदेश देतो. पासवर्ड विचारतच नाही, त्यामुळे तो पुन्हा भरून पाहण्याचीही सोय नाही. आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण त्यांचा संबंध असू शकेल. जुना राउटर असताना या संगणकावर नेटवर्कच्या नावाखाली ते सुरक्षित नसल्याची एक ओळ दिसायची, आणि जोडणीच्या खिडकीत वेगाचा आकडा कायम ५४ एमबीपीएस असायचा.

तंत्रज्ञांचे म्हणणे असे की राउटरची सुरक्षा 'जुन्या पद्धतीची' करून दिली तर संगणक आपोआप जोडला जाईल. इथल्या एका दुकानात विचारले तेव्हा विंडोज नव्याने टाकावी लागेल असे उत्तर मिळाले. माझे जमाखर्चाचे सगळे काम या संगणकावर आहे आणि प्रिंटरही त्यालाच केबलने जोडलेला असून लॅपटॉपवरून त्याच्यावर छपाई करता येते, त्यामुळे विंडोज पुसण्याची माझी मुळीच तयारी नाही. साठवलेली जुनी मांडणी तेवढी बदलता येईल का?

याला जोडून आणखी एक अडचण. मध्यंतरी आमची तार तुटली होती तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. आता आमचे नेटवर्क जोडले जात नसल्याने संगणक सुरू झाला की परस्पर त्यांच्या नेटवर्कवर जातो. ते काही म्हणणार नाहीत, पण मला ते बरोबर वाटत नाही.

पारिजात (प्रतिसाद)

कृष्णाकाठ, विंडोज नव्याने टाकण्याची काहीही गरज नाही, आणि राउटरची सुरक्षा खाली आणण्याला तर तुम्ही ठाम नकार द्यावा. तुम्ही दिलेल्या दोन गोष्टींवरूनच बरेचसे निदान होते.

नाव आणि पासवर्ड तेच असले की नेटवर्क तेच, असे आपण धरून चालतो. विंडोज मात्र प्रत्येक नेटवर्कसाठी एक नोंद साठवते, तिला प्रोफाइल म्हणतात, आणि त्या नोंदीत नाव व पासवर्ड यांच्या जोडीने सुरक्षेचा प्रकार आणि सांकेतिकीकरणाची पद्धतही लिहिलेली असते. समोरच्या राउटरशी यांतले काही जुळले नाही तर विंडोज जोडणी सोडून देते. पासवर्ड चुकला अशी तिची समजूत होत नसल्यामुळे तो पुन्हा विचारलाही जात नाही. विंडोज ७ मध्ये अशा वेळी साठवलेली मांडणी नेटवर्कच्या गरजेशी जुळत नाही असा स्पष्ट संदेश यायचा. विंडोज १० मध्ये तो गेला आणि तुम्हाला दिसतो तो मोघम संदेश आला. माझ्या मते हा बदल वापरणाऱ्याच्या तोट्याचा झाला.

आता ५४ च्या आकड्याकडे या. तुमचा जुना राउटर बहुधा डब्ल्यूपीए या सुरक्षेच्या प्रकारावर आणि टीकेआयपी या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीवर चालत होता. डब्ल्यूईपी ही सर्वांत जुनी पद्धत २००१ मध्ये फोडली गेली, तेव्हा बाजारात आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांवरही चालेल अशी तात्पुरती सोय म्हणून २००३ मध्ये टीकेआयपीसह डब्ल्यूपीए आले. पाठोपाठ २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि त्याची एईएसवर आधारलेली पद्धत आली. पुढे वाय-फायचा जो ८०२.११एन हा वेगवान प्रकार आला, त्याच्या नियमांनुसार टीकेआयपी वापरले तर त्याचे वाढीव वेग मिळतच नाहीत, जोडणी ५४ वर थांबते. नेटवर्क सुरक्षित नसल्याची जी ओळ तुम्हाला दिसत होती, ती विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी वापरणाऱ्या नेटवर्कांसाठीच दाखवली जाऊ लागली. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी बोट दाखवतात. नवा राउटर डब्ल्यूपीए२ आणि एईएस मागतो आहे, तुमच्या संगणकातली नोंद मात्र अजून डब्ल्यूपीए आणि टीकेआयपी धरून बसली आहे. मोबाइल लगेच जोडले गेले कारण अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ यांची नोंद सहसा एकाच प्रकारात होते.

राउटर 'जुन्या पद्धतीचा' करणे म्हणजे एका संगणकातली एक जुनी नोंद वाचवण्यासाठी घरातल्या सगळ्या उपकरणांची सुरक्षा कमी करणे, आणि शिवाय नव्या फायबरवर पुन्हा तोच ५४ चा अडसर घालून घेणे. त्यापेक्षा नोंद काढून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे. सुरुवातीच्या मेन्यूतून 'सेटिंग्ज' उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट' मध्ये जा, डावीकडे 'वाय-फाय' निवडा आणि 'मॅनेज नोन नेटवर्क्स' वर टिचकी द्या. आजवर हा संगणक ज्या ज्या वाय-फायला जोडला गेला त्या सगळ्यांची यादी तिथे असते, मग ते नेटवर्क आत्ता आसपास असो वा नसो. आपले नाव निवडून 'फरगेट' म्हणा. त्यानंतर घड्याळाशेजारच्या वाय-फायच्या चिन्हावरून तेच नाव पुन्हा निवडा. आता पासवर्ड विचारला जाईल आणि नवी नोंद नव्या राउटरच्या मागणीप्रमाणे तयार होईल.

नोंद न पुसता तिच्यातला सुरक्षेचा प्रकार तेवढा बदलण्याचीही एक जागा आहे. 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' मध्ये चालू जोडणीच्या नावावर टिचकी दिली की 'वायरलेस प्रॉपर्टीज' आणि त्यात 'सिक्युरिटी' चे पान येते, तिथे प्रकार, पद्धत आणि पासवर्ड हे तिन्ही बदलता येतात. पण या वाटेने आत शिरायला जोडणी चालू असावी लागते, म्हणून तुमच्या बाबतीत ही वाट बंद आहे.

पुसून पुन्हा जोडल्यावरही जमले नाही तर राउटरच्या पानावर सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ असा ठेवलेला नाही ना, ते पाहून घ्या. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चे आहे आणि जुन्या डोंगलला ते कळत नाही. तसे असेल तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडावा, त्याने सहसा कोणाची अडचण होत नाही.

तारायंत्र (प्रतिसाद)

पारिजात यांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. 'फरगेट' म्हणण्याआधी एक काळजी मात्र घ्यावी, ती म्हणजे पासवर्ड नेमका माहीत असल्याची खात्री. अनेक घरांत तो कोणीतरी कधीतरी भरलेला असतो, चिठ्ठी हरवलेली असते, आणि साठवलेली नोंद हीच त्याची शेवटची प्रत असते. कृष्णाकाठ यांनी तो तंत्रज्ञांना सांगितला आहे म्हणजे त्यांना ठाऊक आहे, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी हे लिहून ठेवतो.

साठवलेला पासवर्ड पाहण्यासाठी शोधाच्या चौकटीत 'सीएमडी' लिहून 'कमांड प्रॉम्प्ट' वर उजवी टिचकी द्यावी आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडावे. उघडलेल्या काळ्या खिडकीत 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स' ही आज्ञा दिली की साठवलेल्या सर्व नोंदींची नावे येतात. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकायची. त्यानंतर 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल' यापुढे अवतरणचिन्हांत नेटवर्कचे नाव आणि शेवटी 'की इज-इक्वल-टू क्लिअर', म्हणजे 'की' आणि 'क्लिअर' या शब्दांच्या मध्ये बरोबरचे चिन्ह, असे दिले की त्या नोंदीचा सगळा तपशील समोर येतो. 'सिक्युरिटी सेटिंग्ज' या भागात 'ऑथेंटिकेशन' आणि 'सायफर' यांच्यापुढे जे लिहिलेले असते तेच पारिजात यांनी सांगितलेले दोन घटक, आणि 'की कंटेंट' पुढे पासवर्ड. कृष्णाकाठ, पुसण्यापूर्वी ही खिडकी एकदा उघडून पाहाच. तिथे टीकेआयपी लिहिलेले दिसले तर अंदाजाचे रूपांतर खात्रीत होईल.

दुकानदार सुचवतील असा आणखी एक उपाय म्हणजे 'नेटवर्क रिसेट'. तो इथे नको. त्याने संगणकातले सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात आणि त्यांच्या सगळ्या मांडण्या मूळपदावर जातात. एक नोंद चुकीची आहे म्हणून सगळी वही फाडण्याचे कारण नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काळ्या खिडकीत 'सायफर' पुढे टीकेआयपी असेच होते. नोंद पुसली, नाव पुन्हा निवडले, पासवर्ड विचारला गेला, भरला, आणि संगणक जोडला गेला. वेगाचा आकडा आता ७२ दिसतो.

मात्र इंटरनेट अजून चालत नाही. नावाखाली 'नो इंटरनेट' असे येते, त्याच वेळी मोबाइलवर सगळे व्यवस्थित चालू असते. काळी खिडकी उघडलेली होतीच म्हणून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन पाहिली. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे बाहेर जाण्याची वाट असलेल्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१ दिसतो. नव्या राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असा छापलेला आहे. हा फरक असायला हवा का? नोंद पुसून नवी केली तरी जुना पत्ता कुठून आला, हे मला समजत नाही.

सातपुडा (प्रतिसाद)

फरक असायला नको, आणि अडचण तिथेच आहे. लॅपटॉपवरून छपाई करता यावी म्हणून कोणीतरी तुमच्या संगणकाला ५० हा कायमचा क्रमांक हाताने दिलेला असणार. जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता तोपर्यंत ते ठीक होते. नवा राउटर वेगळ्या पत्त्यांच्या गटात आहे, आणि तुमचा संगणक अजून जुन्याच गटात राहून, आता अस्तित्वात नसलेल्या गेटवेकडे माहितीची सगळी पाकिटे धाडतो आहे. घरगुती राउटरवर साधारणपणे पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असतील तरच दोन यंत्रे एका गटातली मानली जातात. तुमच्याकडे तिसरा आकडा वेगळा आहे.

नोंद पुसूनही तो पत्ता राहिला, कारण तो नोंदीत नव्हताच. वाय-फायची नोंद वेगळी असते आणि डोंगलची, म्हणजे अडॅप्टरची, स्वतःची मांडणी वेगळी असते. 'फरगेट' केल्याने पहिली जाते, दुसरीला धक्का लागत नाही. अडॅप्टरवर बसवलेला पत्ता तुम्ही कोणत्याही वाय-फायला जोडलात तरी तोच राहतो. शेजाऱ्यांच्या वाय-फायवर इतके दिवस इंटरनेट चालले याचा अर्थ त्यांच्या राउटरचा पत्ताही योगायोगाने १९२.१६८.१.१ हाच असावा, तो बराच प्रचलित आहे.

दुरुस्ती अशी करा. 'नेटवर्क अँड इंटरनेट' च्या पानावर 'चेंज अडॅप्टर ऑप्शन्स' आहे. त्यातून उघडणाऱ्या खिडकीत 'वाय-फाय' वर उजवी टिचकी देऊन 'प्रॉपर्टीज' निवडा आणि यादीतल्या 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' या ओळीवर दोनदा टिचकी द्या. वरच्या भागात 'ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली' आणि खालच्या भागात 'ऑब्टेन डीएनएस सर्व्हर अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली' असे दोन्ही पर्याय निवडा. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सोय. हा खालचा भाग बहुतेक जण विसरतात. तिथे जुन्या राउटरचाच पत्ता राहिला तर संगणक नेटवर्कमध्ये येतो पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो.

कायमचा क्रमांक तुम्हाला छपाईसाठी हवाच असेल तर तो संगणकात न लिहिता राउटरकडून राखून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटून देण्याच्या, विभागात डोंगलचा हार्डवेअर पत्ता आणि हवा तो क्रमांक यांची जोडी लावून देता येते. मग पुढे कधी राउटर बदलला तरी संगणक अडून बसणार नाही, फार तर नव्या राउटरवर ती जोडी पुन्हा लावावी लागेल. असे करताना विंडोजमधली 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' ही सोय निदान घरच्या नेटवर्कपुरती बंद ठेवा, नाहीतर डोंगल दर वेळी खरा पत्ता सांगेलच असे नाही आणि राउटर त्याला ओळखणार नाही.

इंटरनेट सुरू झाल्यावर लॅपटॉपवरून छपाई मात्र बंद पडलेली आढळण्याची शक्यता आहे. राउटर बदलला की विंडोज ते नेटवर्क नवे समजते आणि नव्या नेटवर्कला आपण दुसरे काही सांगितले नाही तर 'पब्लिक' मानते. 'पब्लिक' मध्ये हा संगणक इतरांना दिसत नाही आणि त्याचा प्रिंटरही दिसत नाही. 'वाय-फाय' च्या पानावर जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी देऊन 'प्रायव्हेट' निवडले की ते पूर्ववत होईल. लॅपटॉपमध्येही हे तपासा. लॅपटॉपवर प्रिंटर १९२.१६८.१.५० या आकड्याने जोडलेला असेल तर तो काढून संगणकाच्या नावाने पुन्हा जोडावा लागेल.

७२ च्या आकड्याने काळजीत पडू नका. एका अँटेनाच्या डोंगलला २० मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या पट्ट्यात तेवढाच कमाल वेग मिळतो. जमाखर्चाच्या कामाला तो पुष्कळ आहे. फायबरचा पूर्ण वेग या संगणकावर हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर चालणारा डोंगल घ्यावा, किंवा राउटर हॉलमध्येच असेल तर सरळ केबल लावावी. एका जागी राहणाऱ्या संगणकाला केबलच उत्तम, असे माझे मत आहे.

तारायंत्र

शेजाऱ्यांच्या नेटवर्कचा प्रश्न मागे राहिला, तो पूर्ण करतो. 'मॅनेज नोन नेटवर्क्स' च्या यादीत त्यांचे नाव निवडून 'फरगेट' केले की विषय संपला. पुढे कधी तार तुटली तर पासवर्ड पुन्हा विचारावा लागू नये म्हणून नोंद ठेवायचीच असेल, तर त्याच ठिकाणी 'प्रॉपर्टीज' मध्ये जाऊन 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' हे बटण बंद करावे. नोंद राहील, पण तुम्ही सांगितल्याशिवाय संगणक त्यांच्याकडे जाणार नाही. माझा कल मात्र पुसण्याकडे आहे, कारण दुसऱ्याचा पासवर्ड काम झाल्यावर आपल्या संगणकात पडून राहू नये.

ज्यांच्याकडे घरचीच दोन नेटवर्के आहेत, उदाहरणार्थ २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची वेगवेगळ्या नावांची, त्यांना क्रमही ठरवता येतो. विंडोज ७ मध्ये ही नावे माउसने वरखाली सरकवता येत असत. ती खिडकी विंडोज ८ पासून गेली, आता 'नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलऑर्डर' या आज्ञेने नेटवर्कचे नाव, अडॅप्टरचे नाव आणि 'प्रायॉरिटी' चा क्रमांक देऊन ते काम होते.

कृष्णाकाठ

सातपुडा, पत्ता आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिकली' केल्याबरोबर इंटरनेट सुरू झाले. तुम्ही म्हणालात तसा डीएनएसच्या चौकटीतही जुन्या राउटरचा पत्ता भरलेला होता. छपाईसुद्धा 'प्रायव्हेट' केल्यावर आणि लॅपटॉपमध्ये प्रिंटर नावाने जोडल्यावर चालू झाली, त्यामुळे कायमच्या क्रमांकाची गरजच उरली नाही. शेजाऱ्यांची नोंद पुसून टाकली आहे.

एक शेवटची शंका. या संगणकावर मुलीचे स्वतंत्र खाते आहे. तिच्या खात्यात जाऊन हे सगळे पुन्हा करावे लागेल का? आणि आता नीट झालेल्या या मांडणीची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवता येते का?

पारिजात

मुलीच्या खात्यात सहसा काही करावे लागत नाही. वाय-फायची नोंद विंडोज बहुतेक वेळा संगणकाच्या सर्व खात्यांसाठी मिळून ठेवते, आणि अडॅप्टरची मांडणी तर संपूर्ण संगणकाचीच असते. एकदा तिच्या खात्यातून नेटवर्क जोडलेले दिसते का, एवढे पाहा.

प्रत ठेवता येते. काळ्या खिडकीत 'नेटएसएच डब्ल्यूलॅन एक्सपोर्ट प्रोफाइल' यापुढे नेटवर्कचे नाव आणि ज्या फोल्डरमध्ये प्रत हवी त्याचा पत्ता दिला की एक्सएमएल प्रकारची एक छोटी फाइल तयार होते. नुसते एवढेच केले तर फाइलीतला पासवर्ड सांकेतिक स्वरूपात राहतो आणि दुसऱ्या संगणकावर त्याचा उपयोग होत नाही. तारायंत्र यांनी वर सांगितलेला 'की' आणि 'क्लिअर' चा भाग आज्ञेला जोडला तर ती फाइल 'अ‍ॅड प्रोफाइल' या आज्ञेने कोणत्याही विंडोज संगणकात भरता येते, पण मग पासवर्ड फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. तुमचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात किंवा कार्यालयात फिरत असेल तर ती फाइल त्यावर मुळीच ठेवू नका. तुमच्या एका संगणकासाठी खरे तर नाव, पासवर्ड आणि राउटरचा पत्ता वहीत लिहून ठेवणे पुरेसे आहे.